कॅरॅव्हॅनची ब्लॅक टाकी, ग्रे टाकी आणि मुंबईत त्या रिकाम्या करायच्या कुठे

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा: सेकंडहँड ट्रॅव्हल ट्रेलर घेतलाय, मुलुंडला सोसायटीच्या कंपाउंडमधे उभा असतो, घरात चार माणसं, ब्लॅक टाकी म्हणजे संडासाची साठ लिटरची आणि ग्रे म्हणजे सिंक-शॉवरच्या पाण्याची ऐंशीची, तारकर्लीहून परत येईपर्यंत आत बसवत नाही इतका वास, टाकी रिकामी केली तरी पॅनेलवरचा लाइट फुलच दाखवतो, ग्रेचा व्हॉल्व्ह जड झालाय, आणि मुंबईत हे सगळं सोडायचं कुठे ते कोणीच नीट सांगत नाही. मी गोरेगाव-जोगेश्वरीकडे बरीच वर्षं व्हॅनिटी व्हॅनच्या टाक्या, पाइप, व्हॉल्व्ह याचीच कामं करतोय, २०२१ मधे राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आलं त्यानंतर कॅरॅव्हॅनवाले पण यायला लागले, आणि जवळजवळ सगळ्यांची तक्रार हीच असते. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी मुद्द्याचं सांगतो. ब्लॅक टाकी पाण्यावर चालते, केमिकलवर नाही. टाकीत भरपूर पाणी, व्हॉल्व्ह बंद, आणि सोडायची तेव्हा एकदम सोडायची. एवढं सांभाळलं की वास, तुंबणं, खोटा लाइट यातल्या बऱ्याच भानगडी होतच नाहीत.

बरेच जण रिसॉर्टला पोचले की होज चेंबरला जोडतात आणि ब्लॅकचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवून देतात, म्हणजे घरच्या संडाससारखं आपोआप वाहत राहील असं वाटतं. होतं उलटं. पातळ तेवढं लगेच निघून जातं आणि घट्ट सगळं टॉयलेटच्या बरोबर खाली टाकीच्या तळाशी बसतं, त्यावर कागद, त्यावर परत तेच, आणि दोन दिवसांत तिथे असा ढीग होतो की तो सुकून सिमेंटसारखा कडक. घरच्या लाइनला उतार असतो आणि एका फ्लशला आठ-दहा लिटर पाणी जातं, इथे टाकीचा तळ जवळजवळ सपाट आणि फ्लशला लिटरभर पण पाणी नाही, मग कसं वाहणार. त्यामुळे ब्लॅकचा व्हॉल्व्ह कायम बंद. टाकी निदान दोन तृतीयांश भरू द्या आणि मग उघडा, वरून पाण्याचा दाब असला की घट्ट पण बरोबर ओढून नेतो. निघायच्या दिवशी टाकी अर्धीच भरली असेल तर वरून बादलीने पाणी घालून भरा आणि मग सोडा.

आणि रिकामी केल्यावर टाकी कोरडी ठेवायची नाही, हे सगळ्यात जास्त विसरलं जातं. व्हॉल्व्ह बंद केला की टॉयलेटमधून दहा लिटर तरी साधं पाणी आत घाला, तळ पूर्ण बुडला पाहिजे. पहिला मैला पाण्यात पडला पाहिजे, कोरड्या प्लास्टिकवर नाही.

आता आपल्याकडची खरी अडचण. नेटवर सगळी माहिती अमेरिकेतल्या लोकांची, ते कागद वापरतात, आपण जेट स्प्रे. त्यांची टाकी आठवडाभर पुरते आणि आपली दुसऱ्या दिवशी दुपारी भरते. हिशोब करून बघा, जेट आणि फ्लश मिळून एका वेळी साधारण दोन लिटर धरा, माणशी दिवसाला पाच वेळा, चार माणसं, झाले चाळीस लिटर. आधी घातलेलं दहा लिटर धरलं तर साठ लिटरची टाकी सव्वा दिवस पुरते. यात बिघडलेलं काही नाही, उलट जेटमुळे आपल्या टाकीत पाणी आपोआप जास्त जातं आणि कागद कमी, टाकीच्या तब्येतीला हे चांगलंच आहे. म्हणून कृपा करून मुलांना "पाणी कमी घाला रे" असं सांगू नका. पाणी कमी करू नका, वापर कमी करा. दिवसा प्रवासात हायवेवरच्या फूड मॉलची, हॉटेलची टॉयलेट वापरा, गाडीतलं रात्री आणि सकाळी. एवढ्यावर साठ लिटर दोन दिवस आरामात जातं. जेटचं तोंड बदलून बारीक धारेचं बसवलंत तर अजून थोडं वाढेल.

वासाकडे येतो. वास म्हटला की सगळे बाजारात केमिकल शोधतात पण वास बहुतेक वेळा टाकीतून नाही, गॅस आत यायच्या वाटेतून येतो. पहिली वाट टॉयलेटच्या बुडाशी जो रबर सील आहे ती. त्यावर नेहमी बोटभर पाणी उभं राहिलं पाहिजे. पाणी घालून दहा मिनिटांनी बघा, उतरलं असेल तर सील गेलाय किंवा त्याच्या खाचेत कागद अडकलाय, जुन्या टूथब्रशने खाच साफ करा आणि सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा. व्हॅसलिन किंवा इंजिन ऑइल लावू नका, त्याने बरेच रबर फुगतात. दुसरी वाट बेसिन आणि शॉवरचे ट्रॅप, म्हणजे खालचा वाकडा पाइप, त्यात पाणी उभं राहून वास अडवतं. गाडी मे महिन्यात महिनाभर उन्हात उभी राहिली की ट्रॅपमधलं पाणी उडून जातं आणि ग्रे टाकीचा वास सरळ वर. प्रत्येक जाळीत मगभर पाणी ओतलं की तो प्रश्न तिथेच संपतो. तिसरी वाट छतावरचा एक्झॉस्ट फॅन. फॅन चालू ठेवून, सगळ्या खिडक्या बंद आणि तुम्ही फ्लशचं पेडल दाबलं तर फॅन हवा टाकीतूनच ओढणार ना. आधी खिडकी उघडा नाहीतर फ्लश करताना फॅन बंद करा.

चौथी गोष्ट व्हेंट पाइप. टाकीतून एक पाइप भिंतीतून छतावर गेलेला असतो, गॅस त्यातून वर जायला हवा. तो बंद झाला तर टाकी सोडताना पाणी डुचुकडुचुक करत थांबून थांबून येतं आणि टॉयलेटमधे गुडगुड आवाज होतो, यावरून लगेच ओळखता येतं. आपल्याकडे उभ्या गाड्यांच्या व्हेंटमधे कुंभारीण माशी मातीचं घर करते, ते मी कितीदा काढलंय. छतावर चढून टोपी उघडा, टॉर्च मारून बघा, माती असेल तर लाकडी काठीने हळू फोडा आणि वर बारीक स्टीलची जाळी लावून टाका.

केमिकल वाईट आहे असं नाही पण कुठलं ते बघा. फॉर्मल्डिहाइडवालं घेऊ नका, ते जंतूंना मारून वास दाबतं, पण तेच पुढे रिसॉर्टच्या सेप्टिक टँकमधे किंवा सोसायटीच्या एसटीपीमधे, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटमधे, गेलं की तिथले काम करणारे जंतू पण मारतं. फिनाइलचं तेच. आपल्याकडे सवय आहे, वास आला की ओत फिनाइल. नका ओतू. एन्झाइम किंवा बॅक्टेरियावालं घ्या, ते टाकीत पाणी असेल तरच काम करतं, कोरड्या टाकीत पैसे वाया. आणि हे नीट लक्षात ठेवा: निळ्या बाटलीतला टॉयलेट क्लीनर म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड, आणि ब्लीच म्हणजे क्लोरीनचं पाणी, हे दोन एकत्र आले की क्लोरीन गॅस सुटतो. तीन बाय तीनच्या टॉयलेटमधे, दार बंद असताना, तो जीवावर बेतू शकतो. गाडीत दोन्ही ठेवूच नका. कॉस्टिक सोडा पण टाकीत नको, तो पाण्यात तापतो आणि तळाशी पडून राहिला तर प्लास्टिक आणि सीलला धोका.

लाइट फुल दाखवतो त्याचं. टाकीच्या भिंतीत आतल्या बाजूला छोटे स्क्रू असतात, पाणी तिथवर आलं की त्यातून बारीक करंट जातो आणि लाइट लागतो. त्या स्क्रूवर कागद किंवा साबणाचा थर चिकटला की टाकी रिकामी असून पण करंट जात राहतो. तुमचा ट्रेलर सेकंडहँड आहे त्यामुळे थर जुना असणार, एका धुण्यात जाणार नाही. पाऊण टाकी कोमट पाणी, त्यात दोन-तीन झाकणं भांडी घासायचं लिक्विड, आणि गाडी घेऊन तास-दोन तास फिरून या, मुलुंडहून कसारा घाटापर्यंत गेलात तरी चालेल, वळणावळणाला पाणी आत हिसळतं आणि भिंती घासल्या जातात. रात्रभर तसंच राहू द्या, सकाळी सोडा. दोन-तीनदा करावं लागेल. उकळतं पाणी नको, सांधे ढिले होतात. बर्फाचे खडे टाकायचा एक उपाय फिरतो, बर्फ पाण्यावर तरंगतो आणि विरघळतो, तळ त्याने घासला जात नाही, फरक पडतो तो पाण्याने आणि फिरवण्याने. एवढं करून लाइट गेला नाही तर सोडून द्या, टॉयलेटमधून टॉर्च मारून बघणं जास्त भरवशाचं. नाहीतर टाकीच्या बाहेरून चिकटवायचे सेन्सर मिळतात, त्यांचा मैल्याशी संबंधच येत नाही.

ग्रे टाकीला लोक साधी समजतात. साबणाचं पाणी, त्यात काय, असं. पण मुंबईच्या उकाड्यात भाताची शितं, फोडणीचं तेल आणि मासे धुतलेलं पाणी एका टाकीत एक दिवस उभं राहिलं की तिचा वास ब्लॅकपेक्षा वाईट येतो. ताटं, कढई आधी टिश्यूने किंवा वर्तमानपत्राने पुसून कचऱ्यात, मग सिंकमधे. चहाचा चोथा तर अजिबात नाही. सिंकला बारीक जाळी. मासे बाहेर बादलीत धुवा आणि ते पाणी ब्लॅकमधे घाला, ग्रेमधे नको. आणि तारकर्ली, काशिद, गणपतीपुळे कुठेही समुद्रावर गेलात की वाळू. पोरं पाण्यातून येतात ती थेट शॉवरमधे घुसतात, ती वाळू ग्रे टाकीच्या तळाशी बसते आणि सोडताना वाहत येऊन व्हॉल्व्हच्या पात्याच्या खाचेत भरते, मग पातं पूर्ण बंद होत नाही आणि थेंब थेंब गळायला लागतं. दाराबाहेर एक बादली आणि एक मग ठेवा, पाय, डोकं, चड्डी सगळं बाहेर धुवून मगच आत. तुमचा ग्रे व्हॉल्व्ह जड झालाय म्हणताय ते मला वाटतं वाळूचंच आहे. जोर लावून ओढू नका, दांडा हातात येईल. पात्याचे चार बोल्ट काढून खाच धुवा, दोन्ही रबर रिंग बघा, सिलिकॉन ग्रीस लावा, परत बसवा. टाक्या रिकाम्या असताना करायचं काम आहे, हे वेगळं सांगायला नको.

आता सोडायचं कुठे. इथे मला जरा कळकळीने सांगावंसं वाटतं कारण लोक चुकीचं करतात आणि बऱ्याच जणांना ते चुकीचं आहे हेच माहीत नसतं. मुंबईत दोन वेगळ्या लाइनी आहेत. एक मलवाहिनी, ती पालिकेच्या सांडपाणी केंद्रांकडे जाते, पूर्व उपनगरात भांडुप आणि घाटकोपरला. दुसरी पावसाच्या पाण्याची, रस्त्याकडेला जाळ्या दिसतात ती, ती कुठल्याही प्रक्रियेविना थेट नाल्यात आणि खाडीत. मुलुंडच्या जाळीत तुम्ही टाकी सोडलीत तर ती ठाणे खाडीत गेली, जिथे फ्लेमिंगो येतात, २०२२ पासून ती रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे. रात्री कोणी बघत नाही म्हणून जाळीत सोडणारे आहेत, आणि नाल्याच्या काठावर राहणाऱ्या लोकांच्या दारातून ते जातं. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याने पण हे मना आहे.

तुमच्यासाठी सगळ्यात सरळ रस्ता म्हणजे सोसायटीचंच चेंबर. सेक्रेटरींना भेटा, लपवून करू नका, समजावून सांगा की साठ लिटर म्हणजे बिल्डिंगमधले सहा-सात फ्लश, त्याहून जास्त काही नाही. सोसायटीच्या प्लंबरला बोलवून कुठलं चेंबर मलवाहिनीचं आणि कुठलं पावसाचं ते आधी दाखवून घ्या, कंपाउंडमधे दोन्ही शेजारी शेजारी असतात आणि झाकणं सारखीच दिसतात. खात्री करायची असेल तर वरच्या कुणाला तरी फ्लश करायला सांगा आणि चेंबरमधे पाणी येतं का बघा. सोसायटीचा स्वतःचा एसटीपी असेल तर तो चालवणाऱ्या माणसाला विचारा आणि केमिकल काय घालता ते खरं सांगा. सोसायटी नाहीच म्हणाली तर खासगी सक्शनची गाडी बोलवावी लागेल, त्यांना तुम्ही टाकी रिकामी कुठे करता हे विचारायचं, नीट उत्तर देत नसेल तर दुसरा बघा. आणि चार माणसांसाठी वरचेवर सोडणं जमत नसेल तर कॅसेट टॉयलेटचा विचार करा, त्याची अठरा-वीस लिटरची डबी बाहेर काढता येते, चाकांवर ओढत नेऊन घरच्या संडासात रिकामी करता येते. टाकी छोटी पण सोडायचं टेन्शन नाही, मुंबईत राहणाऱ्याला माझ्या मते हेच जास्त सोयीचं.

कोकणात रिसॉर्ट किंवा होमस्टे बुक करतानाच फोनवर विचारा की सेप्टिक टँकमधे आमची साठ लिटर सोडू द्याल का, त्याचे काय ते पैसे देतो म्हणावं. बरेच लोक हो म्हणतात. ग्रेचं पाणी झाडांना घालू का असं बरेच जण विचारतात, तेल-साबण नसेल तर गोष्ट वेगळी, पण विहिरीजवळ अजिबात नको. कोकणातला जांभा सच्छिद्र असतो, वर ओतलेलं पाणी झपाट्याने खाली झिरपतं आणि लोकांच्या पिण्याच्या विहिरीत जातं. पऱ्या, वहाळ, घाटातलं वळण, यातलं काहीच नको.

सोडायची पद्धत सांगतो. नायट्राइलचे जाड ग्लोव्ह्ज, चप्पल नाही बूट. टोपण उघडायच्या आधी खाली टब ठेवा कारण व्हॉल्व्ह थोडा जरी गळत असला तरी टोपणामागे लिटरभर साचलेलं असतं आणि ते पायावर येतं. तीन इंची होज जोडा, फिरवून लॉक बसल्याचा कट् असा आवाज आला पाहिजे, दुसरं टोक चेंबरच्या आत हातभर घाला आणि वर वीट किंवा जड काहीतरी ठेवा, नाहीतर दाबाने टोक उडी मारून बाहेर येतं. होजला उतार हवा, मधे खळगा नको. होजच्या तोंडाला पारदर्शक एल्बो, म्हणजे वाकडा तुकडा, मिळतो तो घ्याच, आत काय चाललंय ते दिसतं. आधी ब्लॅक, एका दमात पूर्ण उघडा. एल्बोमधे आधी गडद येतं, मग मातकट, मग पाणी पातळ होत जातं आणि कागदाचे तुकडे दिसायला लागतात, आवाज कमी झाला की बंद करून टॉयलेटमधून दोन बादल्या घाला आणि परत उघडा. पाणी फिकट होईपर्यंत हेच. मग ब्लॅक बंद, आणि आता ग्रे उघडा, साबणाच्या पाण्याने होज आपोआप धुतली जाते. हा क्रम उलटा करायचा नाही. शेवटी चेंबरच्या आजूबाजूला बादलीभर पाणी मारून जागा होती त्याहून स्वच्छ करून निघायचं, पुढच्या वेळी सेक्रेटरी नाही म्हणणार नाहीत.

पिण्याच्या पाण्याचा पाइप वेगळ्या रंगाचा, वेगळ्या पेटीत, त्याने टाकी कधीच धुवायची नाही. ट्रेलरला बाहेरून टाकी धुवायचा नोझल असेल तर त्यावर व्हॅक्यूम ब्रेकर आहे का बघा, नसेल तर प्रेशर गेल्यावर टाकीतलं पाणी उलटं ओढलं जाऊन सोसायटीच्या लाइनला लागू शकतं. आणि टाकीच्या किंवा चेंबरच्या तोंडात डोकं घालून बघायचं नाही, टॉर्च मारायचा तोही लांबून, कोणाला आत उतरवायचं तर अजिबातच नाही. हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की त्याचा वास येणंच बंद होतं आणि माणूस जागेवर पडतो. मुंबईत सेप्टिक टँकमधे अशी माणसं गेलीत. २०१३ च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस उतरवायला बंदी आहे, तुंबलं तर मशीनच बोलवा.

वजनाचं पण बघा. दोन्ही टाक्या भरल्या म्हणजे एकशेचाळीस किलो. तुमच्या टाक्या एक्सलच्या मागे असतील तर भरल्यावर पुढचा बॉल, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडायचा गोळा, त्यावरचा भार हलका होतो आणि ट्रेलरची शेपूट डोलायला लागते, कशेडी किंवा परशुराम घाटात उतारावर ते भीतीदायक असतं. अमेरिकन पद्धतीच्या ट्रेलरला बॉलवर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार पाहिजे असं धरतात. म्हणून घाटाआधी ग्रे रिकामी, ब्लॅकमधे धुण्यापुरतं दहा-पंधरा लिटर ठेवलं तर हरकत नाही.

पावसाळ्यात एक काळजी घ्या. जोरदार पाऊस आणि साडेचार मीटरच्या वरची भरती एकत्र आली की सखल भागात मलवाहिन्या पण भरलेल्या असतात, चेंबर उघडलं की पाणी वर आलेलं दिसतं. अशा वेळी सोडलेलं तिथेच कंपाउंडमधे पसरणार. भरतीच्या वेळा पालिका आधीच जाहीर करते, ओहोटी लागल्यावर तीन-चार तासांनी झाकण उघडून पाणी खाली गेलंय बघा आणि मग सोडा. तोपर्यंत ट्रेलरचं टॉयलेट बंद ठेवा, घर शेजारीच आहे.